घरातले दुभाषी

पाच वर्षांचा एक मुलगा. हातातली वस्तू फेकून द्यावी असे मनात आले, की तो स्वतःलाच मोठ्याने बजावायचा, कुत्र्याला गॅलरीतून खाली टाकू नकोस म्हणून. खोलीत कुत्रा नसे आणि गॅलरीही नसे. ऐकणाऱ्याला वाटे, मूल काहीतरी असंबद्ध बोलते आहे.

अमेरिकेतील बाल्टिमोर येथे काम करणारे बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४६ साली प्रसिद्ध केलेल्या एका लेखात ही हकीकत दिली आहे. तीन वर्षांपूर्वी लंडनच्या एका हॉटेलात उतरलेले असताना हा मुलगा खेळण्यातला कुत्रा गॅलरीतून सारखा खाली टाकत होता. तो परत परत उचलून आणून आई कंटाळली आणि तिने त्याला दटावले. तेव्हापासून काहीही फेकण्याचा मोह झाला, की मुलगा आईचे तेच वाक्य उच्चारून स्वतःला आवरी. वाक्याला अर्थ होता, फक्त तो अर्थ तीन वर्षे मागे, दुसऱ्या शहरात राहिला होता. आणि कॅनर यांना तो कळला, तो आईने सांगितला म्हणून.

अशा मुलाच्या भाषेचा शब्दकोश घरात कोणाकोणाजवळ असतो? आईजवळ असतो, काही घरांत आजीजवळ असतो आणि जवळजवळ नेहमीच, त्याच घरात वाढणाऱ्या भावंडाजवळ असतो. हे भावंड आपल्या वर्गात आठवी-नववीच्या बाकावर बसलेले असते, आणि शाळेत कुणाला याची कल्पना नसते. हा लेख त्या भावंडाविषयी आहे. मी स्वतः असे भावंड आहे, तेव्हा काही उदाहरणे घरचीच देणार आहे.

माझा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. आम्ही सांगलीत राहत होतो. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी रेडिओवर प्रादेशिक बातम्या लागत, आणि त्या चालू असताना घरात कुणी बोललेले वडिलांना खपत नसे. पुढे कुठेही गोंगाट असह्य झाला, की भाऊ कानांवर हात दाबून ओरडे, "प्रादेशिक बातम्या!" मंगल कार्यालयात बँड सुरू झाला की प्रादेशिक बातम्या. शेजारी मिक्सर लागला की प्रादेशिक बातम्या. पाहुणे हसत. तो 'गप्प बसा' म्हणतो आहे हे मला कळे. तसेच 'फलाट क्रमांक चार' म्हणजे 'मला इथून जायचे आहे', कारण आमच्या आजोळची एस.टी. त्या फलाटावरून सुटे.

ऐकलेले शब्द जसेच्या तसे, पुष्कळदा मूळच्या सुरासकट, परत म्हणण्याला इकोलेलिया म्हणतात. आपण त्याला प्रतिध्वनी-बोलणे म्हणू. बोलायला शिकताना सर्वच मुले थोडा काळ असे करतात. स्वमग्न मुलांपैकी बऱ्याच जणांत ते अधिक काळ टिकते. प्रश्न विचारल्यावर उत्तराऐवजी प्रश्नच परत येतो, तो तत्काळ प्रतिध्वनी. दिवसांनी, वर्षांनी परत येतो तो विलंबित. कॅनर यांच्या हकीकतीतला कुत्रा दुसऱ्या प्रकारातला. पुष्कळ वर्षे तज्ज्ञांनी या बोलण्याला एक वाईट खोड मानले आणि ती मोडण्याचे प्रयत्न केले.

१९८१ साली अमेरिकेत बॅरी प्रिझंट आणि त्यांच्या सहकाऱ्याने एक साधीच गोष्ट केली. त्यांनी चार स्वमग्न मुलांचे व्हिडिओ चित्रण करून तत्काळ प्रतिध्वनीचे १००९ उद्गार तपासले. शब्दांबरोबर मूल त्या क्षणी कुठे पाहत होते, हात कुठे होते, लगेच नंतर त्याने काय केले, हेही पाहिले. तेव्हा या उद्गारांचे कार्यानुसार सात प्रकार पडले. होकार, मागणी, संभाषणातली आपली पाळी घेणे, उत्तराआधीची उजळणी, स्वतःला दिलेली सूचना हे त्यांतले काही. १९८४ मध्ये विलंबित प्रतिध्वनीचा असाच अभ्यास झाला, त्यात चौदा प्रकार निघाले. शब्दांच्या भोवतालचे पाहिल्याशिवाय शब्दांचा अर्थ लागत नाही, ही पद्धत भावंडे कोणी न शिकवता वापरत असतात.

यावरून आणखी एका गोष्टीचा उलगडा होतो. "तुला पाणी हवंय का?" असे म्हणत माझा भाऊ स्वतःसाठी पाणी मागे. 'मी' आणि 'तू' यांची ही अदलाबदल स्वमग्न मुलांत वारंवार दिसते. 'मी'पणाची जाणीवच नाही, असा गूढ अर्थ पूर्वी काहींनी त्यातून काढला होता. त्याची गरज नाही. हे वाक्य घरात उमटले की पाठोपाठ पाण्याचे भांडे येते, एवढे मुलाने टिपलेले असते, आणि वाक्य तो अखंड उचलतो. मराठीत तर याला व्याकरणाचा पुरावाही मिळतो. भाऊ बाहेरून आला की "मी आले हं" असे म्हणे. ते आईचे वाक्य होते, क्रियापदाच्या लिंगासकट. त्याच्या पहिल्या शाळेत त्याला 'मी आलो' शंभर वेळा म्हणायला लावले. मग तो आल्यावर काहीच म्हणेनासा झाला.

स्वमग्नतेविषयी थोडे सांगायला हवे. कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांचे, म्हणजे आठ मुलगे आणि तीन मुली यांचे, वर्णन करून या अवस्थेला नाव दिले. मॉस्कोत ग्रून्या सुखारेवा यांनी अशाच मुलांविषयी १९२५ मध्येच लिहिले होते, पण ते बराच काळ दुर्लक्षित राहिले. 'ऑटिझम' या शब्दाच्या मुळाशी 'स्वतः' या अर्थाचा ग्रीक शब्द आहे आणि त्यावरून मराठीत 'स्वमग्नता' आली. मला हा शब्द फारसा आवडत नाही. मिक्सरचा आवाज सोसत नाही म्हणून कळवळणारे मूल स्वतःत मग्न कसे? बाहेरचे जग त्याच्यावर आपल्यापेक्षा जास्तच आदळत असते. पण शब्द रुळला आहे, तेव्हा तोच वापरते.

आज या अवस्थेला मेंदूच्या विकासातील जन्मजात वेगळेपण मानतात. निदान दोन गोष्टींवरून होते. एक, इतरांशी होणाऱ्या देवाणघेवाणीतले वेगळेपण, आणि दोन, ठरावीक क्रमाची ओढ, तीच ती हालचाल, एखाद्याच विषयाचे वेड, आवाज-स्पर्श-प्रकाश यांना दिलेला तीव्र किंवा मंद प्रतिसाद. हे एका वर्णपटासारखे असते. कुणाला आयुष्यभर बोलता येत नाही, तर कुणी पीएच.डी. होतो. स्वमग्नता आणि मतिमंदत्व एकच नव्हेत. ती दोन्ही एकाच मुलात असू शकतात आणि नसूही शकतात.

स्वमग्न मुलाला दुसऱ्याच्या मनातले कळत नाही, हे वाक्य शिक्षकांच्या प्रशिक्षणात नेहमी ऐकू येते. १९८५ साली लंडनमध्ये सायमन बॅरन-कोहेन, अ‍ॅलन लेस्ली आणि उटा फ्रिथ यांनी दोन बाहुल्यांचा एक खेळ मुलांना दाखवला. एक बाहुली टोपलीत गोटी ठेवून बाहेर जाते, दुसरी ती गोटी डब्यात लपवते. पहिली परत आल्यावर गोटी कुठे शोधेल? वीसपैकी सोळा स्वमग्न मुलांनी डबा दाखवला. प्रयोग सुंदर आहे, त्याचा अर्थ मात्र ताणला गेला. स्वतः स्वमग्न असलेले ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्ये उलटा प्रश्न विचारला. स्वमग्न माणसाच्या मनातले इतरांना तरी कुठे कळते? न कळणे दोन्ही बाजूंनी आहे, मग दोष एकाच बाजूचा का? पुढे एका प्रयोगात एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला अशी गोष्ट सांगत नेली, तेव्हा फक्त स्वमग्न व्यक्तींच्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच शाबूत पोहोचली. हा निष्कर्ष २०२० सालचा आहे, आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासातही स्वमग्न व्यक्ती यात मागे पडल्या नाहीत. मिल्टन यांचे म्हणणे मला पटायला पुरावा लागला नाही. मी ज्या घरात वाढले तिथे बाहेरून येणारे पाहुणेच कायम गोंधळलेले असत.

पण दुभाष्याचे काम करणारे मूल चौदा-पंधरा वर्षांचे असते. या वयात चारचौघांत आपल्याकडे कुणी पाहू नये असे वाटते, आणि स्वमग्न भावाबरोबर रस्त्याने जाताना सगळे पाहतात.

१९९३ च्या डिसेंबरात, मी नववीत असताना, आमच्या शाळेचे स्नेहसंमेलन होते. आई भावाला घेऊन आली होती. कर्णे लागले, आणि तिसऱ्या रांगेतून त्याचा आवाज आला, "प्रादेशिक बातम्या! प्रादेशिक बातम्या!" सगळी मुले मागे वळून हसली. शेजारच्या मैत्रिणीने विचारले, "कोण गं तो?"

"आमच्या शेजारचा आहे," मी म्हटले.

आई फार दूर नव्हती. तिने ते ऐकले की नाही, हे मी तिला कधी विचारले नाही.

अशा मुलांशी मी पुढे पुष्कळ बोलले आहे. 'शेजारचा आहे' हे वाक्य बहुतेकांनी एकदा तरी उच्चारलेले असते. लाज वाटते, मग लाज वाटल्याची लाज वाटते, त्याच संध्याकाळी गल्लीतल्या पोराने भावाची नक्कल केली म्हणून त्याला बडवलेलेही असते. भावंडांवर झालेल्या अभ्यासांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. चिंता आणि उदासी यांचे प्रमाण सरासरीने काहीसे जास्त आढळते, पण बरीच भावंडे ठीक असतात. सरासरीवरून आपल्या वर्गातल्या एका मुलीविषयी काही सांगता येत नाही, हे शिक्षकांना मी सांगायला नकोच.

मला स्वतःला एका शब्दाची धास्ती वाटते, 'समजूतदार'. "मोठी किती समजूतदार आहे हो, तिची काही तक्रारच नसते." हे कौतुक ऐकणाऱ्या मुलीला एवढेच समजते, की या घरात तक्रारीची जागा भरलेली आहे. मग ती पोटात दुखते हेही सांगत नाही. आपल्या वर्गात अतिशय शहाणी, कशालाच नाही न म्हणणारी आणि मैत्रिणींना कधीही घरी न बोलावणारी मुलगी असेल, तर जरा लक्ष द्यावे.

आता अपराधाचा प्रश्न. भाऊ नऊ वर्षांचा असताना, १९९२ साली, त्याला दुसऱ्या शहरातल्या एका डॉक्टरांना दाखवले. त्यांनी स्वमग्नता हे निदान बरोबर केले आणि पुढे आईला विचारले, "तुम्ही नोकरी करता ना?" ती पोस्टात होती. परतीच्या गाडीत कुणी बोलले नाही. मी तेरा वर्षांची होते. मला दोन गोष्टी वाटल्या. आईमुळे झाले ही एक, आणि तो तान्हा असताना मी त्याला एकदा पलंगावरून पाडले होते, म्हणजे माझ्यामुळे झाले, ही दुसरी. दुसरी मी कुणालाच सांगितली नाही.

आईला दोष देण्याची ही कल्पना कुठून आली? कॅनर यांनी आपल्या लेखांत आईवडिलांच्या थंडपणाचा उल्लेख केला होता. शिकागोचे ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या पुस्तकात तिचा पुरता सिद्धांत केला, की मुलाला नाकारणाऱ्या आईमुळे मूल स्वतःत कोंडून घेते. याला घरातल्या घरात एक उत्तर आहे. त्याच आईच्या हातून वाढलेले दुसरे मूल स्वमग्न का नाही? प्रयोगशाळेत आम्ही ज्याला 'कंट्रोल' म्हणतो, ते त्या घरात शेजारच्याच पाटावर जेवत असते. तरी यावर म्हणता येते, की आई दोन मुलांशी वेगवेगळी वागली असेल. पहिल्याच्या वेळी ती सुखी असेल, दुसऱ्याच्या वेळी नसेल.

म्हणून जुळी मुले महत्त्वाची ठरतात. दोन्ही एकाच वेळी, एकाच घरात वाढतात. एकबीज जुळ्यांची जनुके जवळजवळ तंतोतंत सारखी असतात, द्विबीज जुळ्यांची इतर भावंडांइतकीच सारखी. आईचे वागणे हे कारण असेल तर दोन्ही प्रकारच्या जुळ्यांत फरक दिसू नये. जनुके कारण असतील तर दिसावा. १९७७ साली सुसान फोल्स्टीन आणि मायकेल रटर यांनी ब्रिटनमधल्या २१ जोड्या तपासल्या. एकबीज ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दोन्ही मुले स्वमग्न होती, द्विबीज १० जोड्यांपैकी एकाही जोडीत नाही. नमुना लहान होता, पण पुढच्या मोठ्या अभ्यासांनी दिशा तीच दाखवली. अकरावी-बारावीच्या मुलांनी यावर अवश्य विचार करावा. चारच का, अकरा का नाहीत? म्हणजे जनुकांचा वाटा मोठा आहे, पण सगळा खेळ त्यांचाच नाही. यात भाग घेणारी जनुकेही शेकड्यांनी आहेत, आणि काही बदल आईवडिलांत नसतात, ते मुलात नव्यानेच घडलेले असतात.

म्हणजे १९९२ साली आमच्या आईला तो प्रश्न विचारला गेला, तेव्हा त्याचे उत्तर प्रसिद्ध होऊन पंधरा वर्षे झाली होती. संशोधन करणे हा माझा व्यवसाय आहे. निष्कर्ष छापून आला म्हणजे काम संपले, असे मला तेव्हापासून वाटेनासे झाले.

लसीचेही थोडक्यात. गोवर-गालगुंड-रुबेला लसीमुळे स्वमग्नता येते, असे सुचवणारा १९९८ चा शोधनिबंध अवघ्या बारा मुलांवरचा होता आणि २०१० मध्ये तो नियतकालिकाने मागे घेतला. अमेरिकेत २०१५ साली, जवळजवळ ९६ हजार मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मोठे भावंड स्वमग्न असलेली मुलेही होती. त्यांच्यातही लसीने धोका वाढलेला आढळला नाही. धाकट्याची लस टाळणारी घरे मी पाहिली आहेत, म्हणून हे लिहिले.

मोठ्या झालेल्या भावंडाच्या मनात एक प्रश्न असतोच आणि तो बहुधा जीवशास्त्राच्या तासाला, आनुवंशिकता शिकवताना, डोके वर काढतो. मेंडेलचे वाटाणे फळ्यावर असतात आणि मागच्या बाकावरचे मूल भलत्याच गोष्टीचा हिशेब करत असते. शिक्षकाजवळ आकडे असावेत. मोठे भावंड स्वमग्न असल्यास पुढचे मूल स्वमग्न असण्याचे प्रमाण २०११ च्या, ६६४ बाळांना लहानपणापासून पाहणाऱ्या अभ्यासात सुमारे १९ टक्के आले, आणि २०२४ च्या अधिक मोठ्या अभ्यासात सुमारे २०. म्हणजे पाचांत एक. १९७७ च्या आकड्यांपेक्षा हे जास्त दिसते, कारण दरम्यान निदानाची व्याख्या रुंदावली आणि बाळांना आधीपासून नीट पाहिले गेले. पण पंधरा वर्षांच्या मुलीला हवा असलेला आकडा हा नव्हे. तिला विचारायचे असते, "माझ्या मुलांचे काय?" स्वीडनमधील सुमारे साडेआठ लाख मुलांच्या नोंदींवरून २०२० मध्ये त्याचे उत्तर निघाले. ज्यांची मावशी, मामा, आत्या किंवा काका स्वमग्न आहे अशा मुलांत प्रमाण ३ ते ५ टक्के होते, एकूण मुलांत सुमारे दीड टक्का. वाढ आहे, ती लपवू नये. पण शंभरातली पंचाण्णवाहून अधिक मुले स्वमग्न नसतात, हेही त्याच दमात सांगावे. आमच्या घरी हा विषय माझ्या लग्नाच्या वेळी निघाला, तेव्हा माझ्याजवळ कोणताच आकडा नव्हता आणि समोरच्या मंडळींजवळ फक्त संशय होता.

शाळेतल्या एका रीतीबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचे आहे. आता स्वमग्न मुले नेहमीच्या शाळांत येतात, आणि ते योग्यच आहे. त्याच शाळेत त्यांचे भावंडही असते. दुसरीतला मुलगा किंचाळू लागला, की शिपाई सातवीच्या वर्गाशी येतो, "बाई, हिला खाली बोलावलंय." ताई जाते, भाऊ शांत होतो, सगळे सुटकेचा श्वास टाकतात. आठवड्यात तीनदा हे घडते, आणि वर्षअखेर मुलीचे अपूर्णांक कच्चे राहतात. शिवाय वर्गातून उठताना तिच्या पाठीवर चाळीस नजरा असतात. तिला काय कळते, ते शाळेला कळायला हवेच. पण ते एकदा विचारून लिहून घ्यावे. तिच्या सोयीने, तिची तयारी असेल तरच, आणि आईवडिलांना बरोबर घेऊन. 'फलाट क्रमांक चार' म्हणजे काय हे दुसरीच्या बाईंना ठाऊक असेल, तर मुलाला दोन मिनिटे वऱ्हांड्यात नेणे त्यांनाही जमते.

मला दहावीला मराठी शिकवणाऱ्या बाईंना कुठून तरी भावाविषयी कळले होते. एके दिवशी तास संपल्यावर त्यांनी विचारले, "तुझा भाऊ काय काय बोलतो गं?" कसा आहे, बरा होईल का, असे नाही. मी बातम्यांचे सांगितले, फलाटाचे सांगितले. त्या इतक्या मनापासून हसल्या, की मीही हसले. घराबाहेर त्याच्याबद्दल बोलताना मला हसू आले, ती पहिली वेळ.

'आईवडिलांनंतर कोण?' हा प्रश्न भावंडाला कुणी विचारत नाही, पण त्याचे उत्तर तेच आहे असे सगळे धरून चालतात. निदान एवढे ठाऊक असावे, की १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार स्वमग्न व्यक्ती अठरा वर्षांची झाल्यावर, गरज असल्यास, तिच्यासाठी कायदेशीर पालक नेमता येतो, आणि हे काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समिती करते. यात घाईने होकार देण्याचे कारण नाही आणि सोळाव्या वर्षी तर नाहीच.

आमची आई २०१९ साली गेली. तोवर भावाचा शब्दकोश दोघींच्या डोक्यांत विभागलेला होता. त्यानंतर मी एक वही घातली. तो आता दिवसा ज्या कार्यशाळेत जातो, तिथल्या ताईंसाठी. डाव्या बाजूला त्याचे वाक्य, मध्ये ते कुठून आले, उजवीकडे त्याचा आजचा अर्थ. प्रादेशिक बातम्यांची नोंद पहिलीच आहे. त्रेसष्ट नोंदी झाल्या.

एका नोंदीचा मधला रकाना कोरा आहे. घरी नवे माणूस आले, की तो त्याच्याकडे न पाहता हळूच म्हणतो, "डबा विसरलास होय रे?" सूर आईचा नाही, आजीचाही नाही. साडेचार वर्षांचा असताना तो तीनेक महिने बालवाडीत गेला होता, तिथल्या बाईंचा असावा. त्यांचे नाव आता घरात कुणाला आठवत नाही. तो हे वाक्य म्हणाला, की मी तारीख, वेळ, कोण आले होते आणि त्या वेळी त्याचे हात कुठे होते, एवढे लिहून ठेवते.